कमी पैशांत गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक आधी वर-खाली बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. ऑफिसातून, सोसायटीतून, नात्यातून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. महिन्यातून एक-दोनदा मजेसाठी खेळायचं आहे आणि त्यासाठी कर्ज काढायचं नाही, अशांसाठी ही उत्तरं आहेत. रुपयांचे आकडे अंदाजाने घ्यावेत. दर बदलत राहतात.

१. गोल्फ खरंच खिशाला परवडतो, की आम्हाला ओढायचं म्हणून असं सांगता?

तुम्ही गोल्फ कशाला म्हणता त्यावर आहे. मोठ्या शहरांत क्लबची मेंबरशिप लाखांत जाते, वर प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. नामांकित ब्रँडचं कोरं किट, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा संच (काठीलाही क्लबच म्हणतात), घ्यायला गेलात तर त्या पैशांत स्कूटर दारात उभी राहील. या दोन गोष्टी सोडा. मग उरतं ते असं: ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, चेंडूंची एक बकेट काहीशे रुपयांत, वापरलेलं अर्धं किट साधारण आठ ते पंधरा हजारांत, आणि अधूनमधून कोर्सवर एक फेरी. किट नीट ठेवलं तर दहा वर्षं सहज निघतात.

आता खरी गंमत. पूर्ण कोर्सचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके, बहुधा ७२ असतो. त्यात प्रत्येक होलवर (सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यावर) पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे १८ होलचे ३६. हिशेबाने निम्मा खेळ ग्रीनवरचा, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, पटरने चेंडू जमिनीवरून सरकवण्याचा. पटर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो आणि त्याचा सराव घरच्या फरशीवर फुकट होतो (प्रश्न ९). लोक पैसे ओततात ते ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबवर, जो सगळ्या फेरीत फार तर चौदा वेळा बॅगेतून बाहेर येतो.

२. मेंबर नसलो तर खेळू कुठे देतात?

आपल्याकडे सार्वजनिक कोर्स मोजकेच. मुंबई, ठाणे, पनवेलच्या लोकांना मी पहिलं नाव सांगतो ते सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सचं. सेंट्रल पार्कला लागून, डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि मेंबर नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. कामासाठी दिल्लीला जाणं होत असेल तर लाडो सराय भागातला कुतुब गोल्फ कोर्स लक्षात ठेवा. तो दिल्ली विकास प्राधिकरणाचा, २००० साली सुरू झालेला सार्वजनिक कोर्स आहे.

पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब आणि लवळ्याचं ऑक्सफर्ड ही दोन मोठी नावं. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. तिथे मेंबर असलेल्या मित्राचा पाहुणा म्हणून जाणं हाच सरळ रस्ता. कुठेही जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. मेंबर नसलेल्याला कोणत्या वारी आणि किती वाजता खेळू देता? सांगितलेल्या ग्रीन फीमध्ये (कोर्सवर खेळायच्या शुल्कात) कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, आणि जीएसटी धरलाय का? हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीच्या आकड्याचा, दाखला लागतो का (प्रश्न १४)? दुसरा प्रश्न विसरलात तर बिल पाहताना घाम फुटतो. मधल्या वारी दुपारनंतर जाता आलं तर बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

घरात कोणी सैन्यात असेल किंवा तिथून निवृत्त झालं असेल, तर आधी त्यांना विचारा. देवळाली, कामठी, पुणे इथल्या लष्करी कोर्सवर त्यांना अगदी कमी पैशांत खेळता येतं. या कोर्सांचं कागदोपत्री नाव ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’ असतं, तेव्हा फाटकावरची इंग्रजी पाटी वाचून चुकीच्या ठिकाणी आलो असं समजू नका.

३. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फी किती आहे?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी अर्धं नाशिक चालायला येतं, सभा होतात. गोल्फ फक्त नावात उरलाय.

४. पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

पाण्याची बाटली आणि टोपी. पहिला दिवस कोर्सवर नाही, रेंजवर घालवायचा. क्लब बहुतेक ठिकाणी तिथेच भाड्याने मिळतो. सात नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) मागा आणि पहिली पूर्ण बकेट त्या एकाच क्लबने मारा. शेजारच्याचा ड्रायव्हर पाहून हात शिवशिवतात, तरी आवरा. निम्मे चेंडू घरंगळत जातील, दोन-चार हवेत तरंगतील. त्या दोन-चारांचा आवाज कानात बसला तर पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा येणार आणि नाही बसला तर काहीशे रुपयांत उत्तर मिळालं. तीन-चार वेळा रेंजवर जाऊन आल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

५. किट म्हणजे किती क्लब? सगळे लागतात का?

नियमाने जास्तीत जास्त १४ ठेवता येतात. कमीत कमी किती, यावर बंधन नाही. हौशी माणसाला सहा-सात पुरतात: पाच, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, जवळच्या उंच फटक्यांसाठी एक पिचिंग वेज, वाळूसाठी एक सँड वेज, लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड किंवा पाच नंबरचं वूड, आणि पटर. ड्रायव्हर पहिल्या वर्षी नसला तरी काही अडत नाही. हायब्रिडने टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू कमी लांब जातो, पण सापडतो. सात क्लबांची बॅग खांद्याला हलकी असते, त्यामुळे ट्रॉलीचं भाडंही वाचतं.

नवंच हवं असेल तर डेकॅथलॉनचा इनेसिस हा त्यांचा घरचा ब्रँड नवशिक्यांसाठी पुरेसा आहे. त्यात सुटा क्लबही मिळतो, त्यामुळे किट एकेका क्लबने वाढवता येतं.

६. जुनं किट घेताना काय बघायचं?

आधी कुठे बघायचं ते. कोर्सच्या प्रो-शॉपमध्ये (गोल्फच्या सामानाच्या दुकानात), कॅडीमास्तरकडे आणि जुन्या वस्तूंच्या ॲपवर, या क्रमाने. बदली होऊन चाललेले किंवा पाठ धरल्याने खेळ सोडलेले लोक चांगली किटं पडत्या भावात देतात. कॅडीमास्तरला कोणाच्या बॅगेवर धूळ बसलीय हे नेमकं माहीत असतं.

क्लब हातात आला की शाफ्ट (दांडा) डोळ्यासमोर धरून टोकाकडे पाहा, वाक असेल तर लगेच दिसतो. मग डोकं कानाजवळ धरून हलवा. आत खडखड झाली तर काही तरी सुटलंय. शाफ्ट जिथे डोक्यात शिरतो तिथे काळी प्लॅस्टिकची कडी असते, ती वर सरकलेली असेल तर जोड ढिला होतोय. स्टीलच्या शाफ्टवर गंजाचे खोल खड्डे नकोत. वेजच्या चेहऱ्यावरच्या खाचा नखाला लागल्या पाहिजेत. ग्रिप कडक आणि चकचकीत झाली असेल तर घाबरू नका, ती काहीशे रुपयांत बदलून मिळते. उलट तेच कारण पुढे करून भाव पाडा. शाफ्टवर ‘आर’ म्हणजे रेग्युलर लिहिलेलं घ्या. ‘एस’ म्हणजे स्टिफ, ते जोरात फिरवणाऱ्यांसाठी असतं. आपण कितीही जोर लावला तरी त्यांच्यात मोडत नाही.

नकली माल खूप आहे. नावाजलेल्या कंपनीचं याच वर्षीचं ‘सीलपॅक’ किट पाव किमतीत मिळतंय म्हणजे ते खरं नाही. पंधरा वर्षांपूर्वीचं अस्सल किट त्यापेक्षा केव्हाही चांगलं.

७. चेंडू किती महागडा घ्यावा?

हरवला तर हळहळ वाटणार नाही इतका. महाग चेंडूंवर युरेथेनचं मऊ आवरण असतं; ग्रीनवर पडल्यावर तो जागच्या जागी थांबवणारा फिरकीचा फटका ज्यांना जमतो त्यांना त्याचा उपयोग. तुम्हा-आम्हाला टणक आवरणाचा दोन थरांचा साधा चेंडू जास्त टिकतो. सापडलेले, धुतलेले चेंडू कॅडी आणि प्रो-शॉपवाले डझनावर विकतात, ते घ्या. तलावात फार दिवस पडलेला चेंडू पिवळट आणि निस्तेज दिसतो, तेवढा बाजूला काढा. रेंजवरचे पट्टेवाले चेंडू खिशात घालून कोर्सवर आणू नका. ती चोरी आहे आणि सगळ्यांना ओळखू येते.

८. बूट, हातमोजा, कपडे: यात किती जातात?

कॉलरवाला टी-शर्ट आणि साधी पँट किंवा नीट शॉर्ट घरात असतेच. जीन्स आणि गोल गळ्याचे टी-शर्ट बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. गोल्फचे बूट पहिल्या वर्षी नकोत, पकड असलेले स्पोर्ट्स शूज पुरतात. पावसाळा मात्र वेगळा (प्रश्न १६). हातमोजा एकाच हातात घालतात, उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या. तो घामाने कडक होतो म्हणून खेळून झाल्यावर बॅगेत कोंबू नका, सावलीत पसरून वाळवा.

९. घरी, गच्चीवर, सोसायटीच्या बागेत सराव होतो का?

पटरचा उत्तम होतो. होलचा, म्हणजे ग्रीनवरच्या खड्ड्याचा, व्यास १०८ मिलिमीटर असतो. घरातलं फुलपात्र त्याहून अरुंद असतं. ते भिंतीला टेकवून आडवं ठेवा आणि चार पावलांवरून चेंडू आत घाला. फुलपात्रात जाऊ लागला की कोर्सवरचा होल भलताच ऐसपैस वाटतो. फरशी ग्रीनपेक्षा वेगवान असते, म्हणून सतरंजीवर किंवा जुन्या चटईवर करा. फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवून सरळ रेषेत जातो का तेही पाहा. पट्टी-टेप काही आणायला नको.

गच्चीवर भोकं असलेले प्लॅस्टिकचे हलके चेंडू आणि काथ्याचं पायपुसणं एवढ्यावर चिपिंग, म्हणजे छोट्या उंच फटक्यांचा सराव, होतो. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून पलीकडच्या बादलीत टाका. खरा चेंडू गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत कधीही नाही, अगदी ‘हळूच मारतो’ म्हणूनसुद्धा नाही. त्याचं वजन ४५ ग्रॅमच्या वर असतं आणि तो दगडाइतका टणक असतो.

१०. यूट्यूबवर शिकलं तर चालेल ना? मी क्रिकेट बरं खेळायचो.

क्रिकेट बरं खेळणाऱ्यांनीच आधी शिकवणी लावावी. बॅट चेंडूच्या खाली घालून उचलायची ही आपली सवय. आयर्नने चेंडू उचलायचा नसतो. क्लबचा चेहरा आधीच तिरका असतो, तो चेंडूला वर काढतो. आपण खाली, चेंडूवर मारायचं आणि गवत उडायचं ते चेंडूच्या पुढचं. हे वाचून पटतं, पण हात ऐकत नाहीत. समोर उभा राहून कोणी तरी मनगट धरून दाखवावं लागतं.

सुरुवातीला पकड, उभं राहणं आणि खांदे फिरवणं, एवढ्यासाठी दोन-तीन तास शिकवणी घ्या. चार जण मिळून प्रशिक्षकाचा एक तास वाटून घेतला तर प्रत्येकी रक्कम किरकोळ होते आणि दुसऱ्याच्या चुका पाहून जास्त कळतं. त्यानंतर यूट्यूब जरूर पाहा, पण एका वेळी एकाच गुरूचं. रोज नवा व्हिडिओ पाहून रेंजवर येणारा माणूस लांबूनच ओळखू येतो, चेंडू मारण्याआधी तो बराच वेळ विचारात असतो.

११. कॅडी घ्यायलाच हवा का? पैसे वाचवायचे असतील तर?

काही कोर्सवर सक्तीचा असतो, काही ठिकाणी नाही. सक्ती नसेल तरी नव्या कोर्सवर पहिल्या फेरीला घ्या. तो तुमचे हरवू शकणारे चार-पाच चेंडू शोधून देतो, ग्रीनचा उतार कुठे आहे ते सांगतो, आणि मागचे लोक खोळंबले की तुम्हाला न दुखावता पुढे काढतो. दोघांत एक कॅडी चालत असेल तर खर्च निम्मा. पण मग दोघांच्या बॅगा हलक्या ठेवा. ठरलेल्या पैशांवर घासाघीस करू नका. बक्षिसीही घरून निघतानाच खर्चात धरा. चहा-नाश्ता थांबून खाणार असाल तर त्यालाही विचारा.

आणि त्याला ‘ए बॉय’ म्हणू नका. दादा, मामा, काका, वयाप्रमाणे काय शोभेल ते म्हणा. बहुतेक वेळा तो तुमच्यापेक्षा चांगला खेळतो. चेंबूरच्या कोर्सलगतच्या वस्तीतली कॅडी मुलं गल्लीत खेळतात तो गोल्फ एकदा पाहण्यासारखा आहे: बांधकामाची सळई टोकाला वाकवून ठोकायची, वरच्या बाजूला रबरी नळीचा तुकडा चढवायचा, झाला क्लब. प्लॅस्टिकचा चेंडू दोन घरांच्या फटीतून, पायऱ्यांवरून, गटार ओलांडून नेमक्या जागी पडतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन ही आपल्याकडची मोठी स्पर्धा जिंकलेला अली शेर कॅडीगिरीतून वर आला. २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोन वर्षं ती जिंकणारा एस. एस. पी. चौरासिया हा कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबातल्या ग्रीनकीपरचा (गवताची निगा राखणाऱ्याचा) मुलगा. तो लांब मारणाऱ्यांतला नाही; चिपिंग आणि पटिंग इतकं अचूक की त्याचं टोपणनावच ‘चिपपुटसिया’ पडलं. स्वस्तातला सराव कुठवर नेतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१२. नऊ होल खेळले तर चालतं का? वेळ किती जातो?

चालतं, आणि सुरुवातीला तेच करा. १८ होलला चार-साडेचार तास आणि सात-आठ किलोमीटरची चाल. नऊला दोन-सव्वादोन तास, फीही कमी. सकाळी सव्वासहाला सुरू केलं तर नवापर्यंत घरी येऊन पोहे खाता येतात आणि रविवार घरच्यांच्या हिशेबात शाबूत राहतो.

१३. गुण कसे मोजायचे? प्रत्येक होलला दहा-बारा लागतात, लाज वाटते.

मग फटके मोजूच नका, स्टेबलफोर्ड पद्धत वापरा. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्रज डॉक्टरच्या या पद्धतीची पहिली स्पर्धा १९३२ साली वॉलसी इथे झाली. पारला दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, दोन कमी लागले तर चार. पारपेक्षा दोन किंवा अधिक जास्त लागले की शून्य, आणि शून्य झालं की चेंडू उचलून पुढच्या होलकडे चालू लागायचं. चार पारच्या होलला बारा फटके लागोत की सहा, सारखाच शून्य.

नवख्यांनी आपसात प्रत्येक होलचा पार दोनने वाढवून घ्यावा, म्हणजे चार पारच्या होलला सहा फटक्यांत दोन गुण. हँडिकॅपने अधिकृतपणे होतं ते साधारण हेच.

१४. हँडिकॅप काढावाच लागतो का?

हौसेसाठी नाही. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि त्यात ५४ पर्यंतचा हँडिकॅप मिळतो, म्हणजे अगदी नवख्यालाही जागा आहे. पण तो क्लबमार्फत मिळतो आणि त्याला पैसे पडतात. काही कोर्स मेंबर नसलेल्यांकडे दाखला मागतात किंवा आधी रेंजवर मारून दाखवा म्हणतात. अशा ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे ही अट नाही तिथे खेळा.

१५. आम्ही हळू खेळतो. मागचे लोक चिडतील का?

हळू खेळलात तर चिडतील, वाईट खेळलात तर कोणी बघतही नाही. आपली पाळी यायच्या आत क्लब हातात हवा. हवेत क्लब फिरवून बघणं एकदाच. ग्रीनवरून उतरल्यावर गुण लिहायचे, ग्रीनवर उभं राहून नाही. पुढे एक होल रिकामा दिसतोय आणि मागे लोक थांबलेत, तर हात करून त्यांना पुढे जाऊ द्या. बंकरमधून निघाल्यावर वाळू सारखी करा. एवढं पाळणाऱ्याला कोणीही परत बोलावतं.

१६. पावसाळ्यात खेळता येतं का?

येतं आणि पुण्याकडे तर जुलै-ऑगस्टमध्ये कोर्स सगळ्यात सुंदर दिसतो. चेंडू पडला तिथेच रुततो, घरंगळत नाही, त्यामुळे अंतर कमी मिळतं. या दिवसांत दोन नियम माहीत हवेत. फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) किंवा रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) चेंडू स्वतःच्या खड्ड्यात रुतला तर तो उचलून, पुसून, जवळच दंडाशिवाय टाकता येतो. पावसाने साचलेल्या डबक्यात पडला, किंवा उभं राहताना पाय डबक्यात येत असेल, तरी तसंच. कोर्सवरचा कायमचा ओढा किंवा तलाव मात्र वेगळा, तिथे एका फटक्याचा दंड आहे. टाकायचा तो २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून, पूर्वीसारखा खांद्यावरून नाही.

विजा कडाडू लागल्या तर खेळ तिथेच थांबवा. नियम तशी परवानगी देतो, कोणाला विचारावं लागत नाही. झाडाखाली उभे राहू नका, छत्री मिटा, क्लब बाजूला ठेवा. बुटांबाबत: घसरड्या उतारावर साधे शूज धोक्याचे, पावसाळ्यातही खेळणार असाल तर मऊ खिळ्यांचे बूट घ्याच.

१७. चेंडू हरवला किंवा कुंपणाबाहेर गेला तर?

शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पर्यंत पाच होती. सापडला नाही तर एक फटका दंड आणि पुन्हा मागे जाऊन मूळ जागेवरून मारायचं. कुंपणाबाहेर गेला तरी तेच. शंका असेल तर पुढे जाण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ असं जाहीर करून दुसरा चेंडू मारून ठेवावा.

हौशी खेळासाठी कोर्सने स्थानिक नियम लावलेला असेल तर सोपा मार्ग आहे: दोन फटके दंड घ्यायचा, चेंडू गेला त्याच्या जवळपास फेअरवेच्या कडेला नवा टाकायचा आणि चालू लागायचं. मित्रांमध्ये तर बिनधास्त हेच करा.

१८. कुत्र्याने चेंडू पळवला, कावळ्याने उचलला. आता?

हसू नका, आपल्याकडे हा रोजचा प्रकार आहे. थांबलेला चेंडू प्राण्याने नेला आणि ते दिसलं किंवा जवळपास खात्री आहे, तर दंड नाही. होता तिथे दुसरा ठेवा, नेमकी जागा माहीत नसेल तर अंदाजाने. चालता चेंडू कुत्र्याला लागून दुसरीकडे गेला तर मात्र जिथे थांबला तिथून खेळा, मग तो होलजवळ गेलेला असो वा झुडपात. अपवाद ग्रीनवरचा: तिथून मारलेला चेंडू वाटेत प्राण्याला लागला तर फटका रद्द, पुन्हा मारा. ‘कावळ्यानेच नेला असेल’ हा अंदाज मात्र खात्रीत मोडत नाही. तो हरवलेला चेंडू, प्रश्न १७.

१९. नवरा-बायको किंवा दोन मित्र एकाच किटवर खेळू शकतात का?

रेंजवर खुशाल. कोर्सवर नियमाने प्रत्येकाचे क्लब वेगळे लागतात आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच दोन बॅगा आहेत का ते बघतात, कारण क्लबांची देवाणघेवाण करत बसलं की वेळ जातो. स्वस्त तोडगा असा की एक पूर्ण जुनं किट घ्यायचं आणि सम-विषम वाटून टाकायचं: एकाला पाच, सात, नऊ, दुसऱ्याला सहा, आठ आणि वेज. जास्तीचा फक्त पटर घ्यावा लागतो. साध्या कापडी बॅगा जुन्या बाजारात ढिगाने पडलेल्या असतात. उंचीत फार फरक असेल तर हे जमत नाही (प्रश्न २२).

२०. माझ्या फटक्याने कोणाची काच फुटली किंवा कोणाला लागलं तर?

चेंडू कोणाच्या दिशेने जातोय असं वाटलं की त्याच क्षणी जोरात ‘फोर!’ ओरडा. लाजून पुटपुटू नका. काच फुटली तर पळून जाऊ नका, कोर्सच्या कार्यालयात सांगा. नुकसान कोणी भरायचं हे कोर्सागणिक वेगळं असतं आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात बहुधा तुमच्यावरच ढकललेलं असतं. गाडी पहिल्या टीच्या उजवीकडे लावू नये, एवढं अनुभवाने सांगतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू तिकडेच वळतो.

२१. मी डावखुरा आहे. जुनं किट मिळतच नाही.

मिळणं कठीण आहे हे खरं. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मारून पाहा. उजव्या बाजूने अगदीच परकं वाटत नसेल तर तेच शिका, खर्च वाचेल. उलटं उदाहरणही आहे: अमेरिकन गोल्फर फिल मिकेल्सन बाकी सगळं उजव्या हाताने करतो आणि गोल्फ डाव्या बाजूने खेळतो, कारण लहानपणी वडिलांसमोर उभं राहून आरशातल्यासारखं शिकला.

२२. बायको आणि मुलगी येणार म्हणतात. माझंच किट चालेल?

नाही. बायकांचे क्लब साधारण इंचभर आखूड आणि हलक्या, लवचिक शाफ्टचे असतात; जड क्लबने पहिल्याच दिवशी मनगट दुखतं आणि आवड तिथेच संपते. मुलांसाठी मोठ्यांचा क्लब करवतीने कापून देणं हा आपल्याकडचा लाडका उद्योग, तो टाळा. लांबी कमी होते, डोक्याचं वजन तेवढंच राहतं आणि शाफ्ट कडक होतो. मुलं वाढत असतात, त्यामुळे त्यांचे क्लब जुने घेऊन जुनेच विकावेत. कोर्सला ज्युनिअर दर असतो का हे विचारा. काउंटरवरचे आपणहून सांगतीलच असं नाही. आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्यानंतर आपल्या मुलींना कुठे खेळायला मिळेल, असे प्रश्न मला जास्त येऊ लागलेत.

२३. साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात. झेपेल का?

चालण्याची सवय असेल तर नऊ होल झेपतात. गुडघ्यापेक्षा कंबर सांभाळा. जोरात पिळून फिरवण्यापेक्षा तीन-चतुर्थांश फटका मारा. होलमधून चेंडू काढायला वाकायचं नसेल तर पटरच्या टोकाला लावायचा रबरी कप मिळतो. पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बग्गी गाडीचं भाडं कधीकधी ग्रीन फीच्या जवळ जातं, म्हणून चौघांत दोन घ्यायच्या ऐवजी ज्यांना गरज आहे त्यांच्यापुरती एकच घ्या.

२४. मुलाकडे अमेरिकेत तीन महिने चाललोय. तिथे स्वस्तात खेळता येईल?

इथल्यापेक्षा सोपं आहे. ठिकठिकाणी नगरपालिकेचे सार्वजनिक कोर्स असतात. ज्येष्ठांना सवलत, स्थानिक रहिवाशांना सवलत, आणि उतरत्या दुपारी ‘ट्वायलाइट’ दर. मुलाच्या पत्त्यावर रहिवासी दर मिळतो का ते पाहा. एकटे गेलात तर तिघांच्या गटात जोडून देतात, बुजू नका. न्यूयॉर्कजवळचा बेथपेज ब्लॅक हा राज्याच्या उद्यानातला सार्वजनिक कोर्स. २००२ आणि २००९ ची गोल्फची यूएस ओपन तिथे झाली. बघायला जरूर जा. खेळायचा विचार मात्र नवख्याने करू नये, पहिल्या टीजवळ तशी इशाऱ्याची पाटीच लावलेली आहे.

स्कॉटलंडला जाणं झालं तर सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि कोणीही त्यावरून फिरू शकतं. शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे, १८६७ पासूनच्या महिलांच्या पटिंग क्लबचं. काही पौंडांत पटर आणि चेंडू हातात देतात.

२५. आमच्याकडे टँकरने पाणी येतं आणि तुम्ही गवताला पाणी घालता. पटतं का मनाला?

प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात कोर्सला खूप पाणी लागतं. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणारे कोर्स आहेत आणि विचारलं तर ते अभिमानाने सांगतात. जिथे उत्तर देताना टाळाटाळ होते तिथे मी एप्रिल-मे महिन्यांत जात नाही. फेअरवे पिवळे पडलेले असले तरी खेळ होतो, उलट चेंडू जास्त घरंगळतो.

२६. होल इन वन (पहिल्याच फटक्यात चेंडू खड्ड्यात) झाला तर सगळ्यांना पार्टी द्यावी लागते म्हणे. खरं का?

रीत आहे, नियम नाही. ज्याने मारला त्याने क्लबहाउसमधल्या सगळ्यांना पाजायचं, असा उलटा न्याय. जपानमध्ये हा खर्च इतका वाढतो की त्यासाठी खास विमा विकला जातो. सकाळच्या फेरीत झाला तर चहा आणि वडापाववर भागतं, आणि कॅडीला घसघशीत बक्षिसी द्यायची. चेंडू जपून ठेवा, स्कोअरकार्डवर सोबत्यांच्या सह्या घ्या. एकटेच खेळत असताना झाला तर साक्षीदार नाही, त्यामुळे पार्टीही नाही आणि कोणी विश्वासही ठेवणार नाही.